म्हातारा थोरल्याकडे, म्हातारी धाकट्याकडे

आमच्या शहाद्याकडे मृत्युपत्र करायला कोणी येत नाही. येतात ते "ताई, एक कागद कराना शे" असं म्हणत येतात. कसला कागद ते सांगत नाहीत. आधी पावसाचं बोलतात, मग केळीचं, मग माझ्या गुडघ्यांची चौकशी करतात. चहा होतो. मग खुर्ची जरा पुढे ओढून, मागे कोणी ओळखीचं उभं नाही ना हे बघून, आवाज खाली आणून म्हणतात, "म्हणजे मी काही आतेच मरी नही ऱ्हायनू. पन कागद करी ठेवेल बरा."

मी सांगायचे, "दादा, कागद केल्यानं कोणी मरत नाही. माझ्याकडे कागद करून गेलेली माणसं उलट चिवट निघाली आहेत. काहींनी तर साक्षीदारांना स्मशानात पोहोचवलंय." हे ऐकून गडी थोडा सैल व्हायचा. तरीही वर 'मृत्युपत्र' असं ठळक अक्षरात दिसलं की पुष्कळांचा हात सहीला अडखळायचा. अशांसाठी मी 'व्यवस्थापत्र' लिहायचे. आतला मजकूर तोच असतो, पण शब्दानं जिवाला बरं वाटतं. कायद्याचं त्यात काही बिघडत नाही.

मी दस्तलेखक होते. लोक 'बॉन्ड रायटर' म्हणतात. दुय्यम निबंधक कार्यालयासमोरच्या पत्र्याच्या ओसरीत आमची टेबलं ओळीनं असायची आणि त्या ओळीत बाई मी एकटीच. टेबल वडिलांचं. त्यांचा हात थरथरायला लागला तेव्हा मी परवाना काढला आणि त्यांच्या खुर्चीवर बसले. पहिली काही वर्षं माणसं येऊन विचारायची, "रायटर कुठे गेले?" मी म्हणायचे, "समोर बसलेत." त्यावर ती शेजारच्या टेबलाकडे बघायची. पुढे बायका यायला लागल्या. विधवा, परित्यक्ता, नवऱ्याला न सांगता आलेल्या. त्यांना पुरुष रायटरसमोर जे बोलता येत नव्हतं ते माझ्यासमोर यायचं. मग त्यांचे नवरेही यायला लागले, आणि शेजारच्या टेबलावरचे काका माझ्या गिऱ्हाइकांना चहा पाजून आपल्याकडे वळवू लागले. तेव्हा मी समजले, धंद्याचा जम बसला.

बाहेरच्या माणसाला वाटतं आम्ही नुसतं लिहितो. लिहिणं हा त्यातला सोपा भाग. म्हाताऱ्या माणसाच्या मालमत्तेचे मुख्य कागद फार नाहीत. मृत्युपत्र माणूस गेल्यावर लागू होतं आणि जिवंत असेपर्यंत कितीदाही बदलता येतं. बक्षीसपत्र आजच्या आज लागू होतं. दिलं म्हणजे दिलं. वाटणीपत्रात घरातल्या सगळ्यांचे हिस्से पडतात. आणि हक्कसोड म्हणजे घरातल्या कोणी आपला हिस्सा दुसऱ्यासाठी सोडून देणं. खरी मेहनत असते ती समोर बसलेल्या म्हाताऱ्याला यातलं नेमकं काय हवंय आणि त्याला घेऊन आलेल्यांना काय हवंय, हे वेगवेगळं ओळखण्यात.

मृत्युपत्राचा पुरेपूर उपयोग मी एकाच माणसाला करताना पाहिला. तापीकाठच्या गावचे एक निवृत्त मास्तर. गुजर समाजातले, केळी आणि ऊस दोन्ही जोरात. ते दर दिवाळीनंतर मृत्युपत्र बदलायला यायचे. गेल्या वर्षी मधल्या सुनेनं डोळ्याच्या ऑपरेशनला नीट केलं, तर तिच्या नवऱ्याचं पारडं जड. थोरल्यानं नव्या गाडीत बसवून फिरवलं नाही, तर त्याचा ऊस धाकट्याकडे. आणि हे गुपचूप नाही हं. घरी सांगून यायचे, "शहाद्याला निघालोय, बाईंकडे." दसऱ्यापासून त्या घरात मास्तरांचा काय थाट असायचा! मी एकदा म्हटलं, "मास्तर, बरं नाही हे, मुलांना असं ताटकळत ठेवणं." ते म्हणाले, "बाई, मी आयुष्यभर परीक्षा घेतल्या. आता सवय सुटत नाही." ते गेले तेव्हा शेवटच्या कागदात सगळं बायकोच्या नावे निघालं. तिन्ही मुलांनी पुढे आईला फुलासारखं जपलं. मास्तरांना हे आधीपासून ठाऊक असावं, असा माझा दाट संशय आहे.

याच्या उलट टोकाला बक्षीसपत्रवाले. अक्कलकुव्याकडचे एक गृहस्थ माझ्याकडे आले ते दुसरीकडे झालेला दस्त घेऊन. घर आणि दुकान पुतण्याला बक्षीस देऊन बसले होते आणि आता त्याच घरात ओट्यावर झोपत होते. मला म्हणाले, "ताई, हाई परत करता येस का?" मी सगळा दस्त वाचला. त्यात 'सांभाळ करण्याच्या अटीवर' एवढी एक ओळ असती, तर त्यांना प्रांतसाहेबांकडे जाऊन दाद मागता आली असती. ती ओळ नव्हती. वकिलाकडे पाठवलं, पण आशा थोडी होती आणि मी तसं सांगितलं. ते कागदाची घडी घालून, मला नमस्कार करून गेले. ती ओळ मी पुढे कुणी सांगो न सांगो, प्रत्येक बक्षीसपत्रात घालत आले. पोरं कुरकुरायची, "ताई, आमच्यावर विश्वास नाही का?" मी म्हणायचे, "तुमच्यावर आहे रे. पण दस्त तुमच्यापेक्षा जास्त वर्षं टिकतो."

आता जी गोष्ट सांगायला बसले ती.

खान्देशात आखाजीला लेक माहेरी येते. बाकी महाराष्ट्र अक्षय्य तृतीयेला सोनं घेतो. आमच्याकडे भाऊ मुऱ्हाळी होऊन बहिणीला आणायला जातो, झाडांना झोके बांधले जातात, पुरणपोळ्या आणि आमरसाची धांदल असते. आणि त्याच आठवड्यात आमच्या ओसरीत हक्कसोडीची गर्दी असते. कारण उघड आहे. वर्षातून एकदा साऱ्या बहिणी एका गावात सापडतात. झोक्यावरून उतरवून त्यांना जीपमध्ये घालायचं, शहाद्याला आणायचं, सही-अंगठा घ्यायचा, जाताना साडी-चोळी द्यायची. यात कोणाला काही वावगं वाटत नाही, बहिणींनाही नाही. मी प्रत्येकीला विचारायचे, "राजीखुशीनं ना?" ती भावाकडे बघून हो म्हणायची. ते 'हो' मी इतकी वर्षं लिहून घेतलं आणि त्यातली काही 'हो' मला अजून टोचतात.

अशाच एका आखाजीच्या मागेपुढे म्हसावदकडच्या एका गावातून एक कुटुंब आलं. बाप आबा, आई नानी, थोरला भगवान, धाकटा राजू आणि खापर गावी दिलेली लेक संगीता. भगवान गावात राहून शेती बघायचा. राजू नंदुरबारला नोकरीला, बायकोही नोकरीत. दोघे भाऊ भले. भगवान आठवडाभर आधी येऊन मला सगळं सांगून गेला होता: संगीता आपला हक्क दोघा भावांना सोडेल, मग सगळ्या जमिनीचं दोघांत सारखं वाटणीपत्र. "आबा आणि नानींच्या नावे काय ठेवायचं?" असं मी माझ्या नेहमीच्या सवयीनं विचारलं. हा प्रश्न आमच्याकडे थोडा उद्धट समजतात. भगवान हसून म्हणाला, "ताई, त्यासले काय कराना शे आते वावर? आमीच देखसूत ना त्यासले." आणि मग त्यानं ते कलम सांगितलं. वडील थोरल्याकडे राहतील, आई धाकट्याकडे.

हे मी पहिल्यांदा ऐकत नव्हते. आमच्या भागात भाऊ वेगळे निघाले की बैलजोडी, कडबा, भांडी यांच्यासोबत आईबापही वाटले जातात. कुठे महिन्याच्या पाळ्या असतात, कुठे कायमचं. बहुतेक हे तोंडी असतं. या दोघांना ते लेखी हवं होतं. भगवान म्हणाला, "दोन भाऊ शेतंस, दोन माणसे शेतंस. बराबर हिस्सा व्हयी गया." राजूनं फोनवर मला शहरी मराठीत समजावलं, "ताई, पुढे भांडण नको म्हणून लिहून ठेवतोय. उद्या कोणी म्हणायला नको की एकानं दोघांना सांभाळलं आणि दुसऱ्यानं कोणालाच नाही." दोघांच्याही बोलण्यात लबाडी नव्हती. त्यांना खरोखर वाटत होतं की आपण फार न्यायानं वागतोय.

त्या दिवशी ओसरीत सगळे बसले. आबा उंच, काटक, पांढरं धोतर, टोपी. नानी त्यांच्या खांद्याला जेमतेम लागतील एवढ्या. संगीता मागच्या बाकावर, मांडीवर डबा आणि नव्या साडीची पिशवी. मी आबांना नमस्कार केला तर त्यांनी माझ्याकडे न बघता नानींकडे पाहिलं. नानींनी नुसते ओठ हलवले. आवाज नाही, खूण नाही, नुसते ओठ. आबा लगेच माझ्याकडे वळून म्हणाले, "रामराम, ताई. तुमना बापले मी वळखू."

आबांचे कान गेले होते. पोरांनी मशीन आणून दिलं होतं, पण ते कानात शिट्ट्या मारतं म्हणून आबांनी देव्हाऱ्यात ठेवून दिलं. भगवान कानाशी जाऊन ओरडायचा, राजू ओरडायचा, आबा सगळ्यांना "हा, हा" म्हणायचे आणि त्यातलं काही समजलेलं नसायचं. समजायचं ते फक्त नानींच्या ओठांवरचं. इतर कोणी ओठ हलवले तर त्यांना अक्षर कळायचं नाही. कधीपासून हे जमलं, असं मी विचारलं तेव्हा नानी म्हणाल्या, "काय माय, सासूदेखत बोलता येत नव्हतं. तैनी सवय शे ती."

दस्त सहीआधी वाचून दाखवावा लागतो. मी एक वाक्य वाचायचे, नानी आबांकडे तोंड करून ओठ हलवायच्या, आबा मान हलवायचे. चतुःसीमेला आले. उत्तरेस नाला, असं मी वाचलं. नानींनी सांगितलं. आबांनी हात वर केला. "उत्तरले नाला नही, पाट शे. नाला दखीनले शे." भगवानही मान्य करून म्हणाला, बरोबर, पाटच आहे. मी दुरुस्ती केली. म्हणजे कान गेले होते, डोकं शाबूत होतं. हे मला आमच्या धंद्यात पाहावंच लागतं.

मग ते कलम आलं. 'वडील हे थोरल्या मुलाकडे व आई ही धाकट्या मुलाकडे कायम वास्तव्यास राहतील.' मी वाचून थांबले. नानी आबांकडे तोंड करून बसलेल्याच होत्या, पण त्यांचे ओठ हलले नाहीत. आबा वाट बघत होते. शेवटी त्यांनीच विचारलं, "काय वाचं ताईनी?"

नानींच्या ओठांवर मी समोरून वाचलं, "काही नही. वावरनंच शे."

नानींनाही हे कलम त्याच वेळी कळत होतं, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. कोणी त्यांना सांगितलंच नव्हतं. मी कागद खाली ठेवला आणि म्हटलं, "नानी, हे आबांना सांगावं लागेल. न समजता सही घेता येत नाही."

"घर गयावर सांगी देसूत, ताई," भगवान म्हणाला.

"घरी नाही. इथे, सहीच्या आधी."

भगवान उठला, आबांच्या कानाशी वाकला आणि पूर्ण ताकदीनं ओरडला, "आबा, तुमी मन्हाकडे, माय राजूकडे!" सगळ्या ओसरीनं ऐकलं. चहावाल्यानं वळून पाहिलं. शेजारच्या काकांनी लिहिता लिहिता पेन थांबवलं. आबांनी मान हलवली, "हा, हा."

"देखा, हा म्हणतंस," भगवान मला म्हणाला.

मी नानींना म्हटलं, "त्यांना विचारा, काय समजलं." नानींनी विचारलं. आबा म्हणाले, "भगवान इचारी ऱ्हायना, चहा लयू का."

एरवी मी हसले असते. त्या वेळी कोणीच हसलं नाही.

तेव्हा मागच्या बाकावरून संगीता बोलली. "माय, तूच सांग. तुन्हाशिवाय त्यासले कोनंच समजत नही." नानींनी एकदा पदर सारखा केला, आबांकडे वळल्या आणि सांगितलं. फार वेळ लागला नाही, थोडेच शब्द होते. आबा त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिले. पुन्हा सांग, असं त्यांनी बोटानं खुणावलं. नानींनी पुन्हा सांगितलं.

मग आबा बोलले. बहिरी माणसं बोलतात तसं, जरा मोठ्यानं. "मंग लोके काय म्हणतंस ते माले कोन सांगी?"

त्यात तक्रार नव्हती, राग नव्हता. काडेपेटी कुठे ठेवली, असं विचारावं इतक्या साध्या आवाजात त्यांनी विचारलं, कारण त्यांना खरंच उत्तर हवं होतं. त्यांनी भगवानकडे पाहिलं, राजूकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मला रडू आलं. इतक्या घरांच्या वाटण्या लिहिल्या, टेबलावर कधी डोळ्याला पदर लावला नव्हता. त्या दिवशी लावला आणि धुळीवर ढकललं.

भगवान चपलेच्या टोकानं जमीन उकरत बसला. राजू म्हणाला, "ताई, नंदुरबारला डॉक्टर जवळ आहे, मायला बरं पडेल." आणि मग, खोटं बोलता न आल्यासारखं, "घरी पोरं लहान आहेत. आम्ही दोघंही दिवसभर बाहेर." तेही खरंच होतं. मला त्याचा राग आला नाही. म्हातारी कामाची होती म्हणून हवी होती, म्हातारा गावच्या माणसांत रमेल असं वाटलं होतं. दोघांचा वेगवेगळा विचार कुणीही नीट केला असता तर हाच निर्णय निघाला असता. दोघांचा मिळून विचार करायचा असतो, हे मात्र राहून गेलं होतं.

संगीता पिशवी घेऊनच बाकावरून उठून माझ्या टेबलाशी आली. तिची हक्कसोड टाइप होऊन पडली होती, तिनं ती उचलली. "ताई, मी हक्क सोडस, तो कोनाना नाववर जाई, हाई कोन ठरावस? मी का भाऊ?"

इतकी वर्षं आखाजीला बहिणींच्या रांगा लागल्या, पण हा प्रश्न मला तोवर एकीनंही विचारला नव्हता. काम भावांनी आणलं होतं आणि जे काम आणतात त्यांच्या मनाविरुद्ध टेबलावर बोलू नये अशी आमच्या ओसरीची रीत आहे. पण विचारलं तर खरं सांगावं, ही वडिलांची. मी म्हटलं, "ज्याचा हक्क तो ठरवतो. हिस्सेदारांपैकी कोणालाही देता येतो."

"मायले चाली?"

"चालेल. वाटणीत तिचाही वाटा निघतो. ती हिस्सेदारच आहे."

"मंग मायना नाववर लिखा."

भगवाननं मान वर केली. "संगी, हाई काय काढं तू?"

"दादा, मी काही खापरले ली जात नही. मायले दी जास. मायना नाववर वावर व्हई, ते माय तठे ऱ्हायी. आबा बी तठेच ऱ्हातीन." ती अगदी हळू बोलत होती, आणि हात नव्या साडीच्या पिशवीवर होता. भावांनी आणलेली ती साडी परत करायची की काय, हे तिला कळत नसावं.

राजू फोन कानाला लावून गेटपाशी गेला. भगवान बसून राहिला. मी कॉम्प्युटरवर काहीतरी करत असल्याचं दाखवलं. अशा वेळी बोलू नये, एवढं मला धंद्यानं शिकवलंय. मग भगवान म्हणाला, "मंग पाटकडला तुकडा लिखा मायना नाववर. तठे घर शे, मोटर शे."

"तो तर तुमच्या हिश्श्यात धरलाय." गटातला सगळ्यात चांगला तुकडा होता तो.

"हा. मी नालाकडला ली लेसू." आणि आबांच्या कानाशी जायला उठला, मग काय वाटलं, परत बसला आणि आईला म्हणाला, "माय, तू सांग आबाले."

नानींनी सांगितलं. या वेळी ओठ जरा जास्त वेळ हलत होते. आबांनी विचारलं, "पाटकडला?" नानींनी मान हलवली. आबा म्हणाले, "तठे आंबा बी शे." आणि टोपी काढून पुन्हा घातली.

राजू परत आला. त्याला सगळं कळलं तेव्हा त्यानं शेवटचा धागा ओढून पाहिला. "पण मळ्यात माय एकटी कशी करेल सगळं? स्वयंपाक, आबांचं सगळं?"

नानी त्या दिवसात पहिल्यांदा मोठ्यानं बोलल्या. "आजलोंग कोन करी ऱ्हायनं व्हतं?"

राजू खुर्ची ओढून बसला.

सगळं नव्यानं लिहावं लागलं. संगीताची हक्कसोड आईच्या नावे. वाटणीत पाटाकडचा तुकडा घरासकट आईला. जमीन भगवाननं वाट्यानं कसायची, आजारपणाचं राजूनं बघायचं. ते जुनं कलम काढलं आणि त्या जागी लिहिलं, 'आईवडील हे एकत्र, त्यांच्या इच्छेनुसार, वास्तव्यास राहतील.' 'एकत्र' या शब्दापुढे मी स्वल्पविराम दिला. माझ्या वडिलांच्या भाषेत, शब्दाला नीट बसायला जागा दिली.

एवढं होईतो आत सर्व्हर बंद पडला होता. मग काय, बसा. संगीतानं डबा उघडला. मातीच्या खापरावर भाजलेली पुरणपोळी, घडी घातलेली, रुमालात. तिनं पहिली आबांना दिली, दुसरी मला. राजू नको म्हणत होता. मग त्यानंही अर्धी घेतली, मग उरलेली अर्धी घेतली. चहावाल्यानं न सांगता चहा पाठवला आणि शेजारच्या काकांनी त्याचे पैसे आपल्या नावावर लिहायला सांगितले, जे मी त्याआधी किंवा त्यानंतर कधीच पाहिलेलं नाही.

पुढचं इथेच सांगून टाकते, म्हणजे शेवट मला हवा तिथे करता येईल. दोघे मळ्यात राहायला गेले. मी पुढच्या वर्षी म्हसावदला एका लग्नाला गेले होते तेव्हा वाट वाकडी करून जाऊन आले. राजू सुट्टीला पोरांना आणून सोडतो, पोरं पाटात डुंबतात. नातवंडांनी आजीसारखे ओठ हलवून आबांशी बोलायचा प्रयत्न चालवला होता आणि आबा त्यांना एकेका शब्दाला नापास करत होते. धंद्याचं म्हणाल तर त्यानंतर मी प्रत्येक लेकीला मोठ्यानं विचारायला लागले, "कोणाच्या नावे सोडायचा?" बहुतेक जणी भावाचंच नाव सांगायच्या. काही जणी थांबायच्या, आणि थांबल्यावर एखादी काही वेगळं सांगायची. यामुळे बरेच भाऊ शेजारच्या टेबलावर गेले. काका खूश. मीही खूश होते, फक्त उत्पन्न तेवढं नव्हतं. आता ते टेबलही सोडलं, गुडघ्यांनी निकाल दिला.

तर त्या दिवशी दुपार कलल्यावर सर्व्हर चालू झाला आणि नंबर आला. मी सोबत आत गेले. आतले साहेब नवीन होते, नियमानं वागणारे. त्यांनी आबांना विचारलं, "दस्तातला मजकूर समजला का? कोणाचा दबाव नाही ना?" नानींनी ओठ हलवले. आबांनी विचार केला आणि गंभीरपणे म्हणाले, "समजनं. दबाव शे."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. भगवानचा चेहरा पडला.

"हिना शे," आबांनी नानींकडे बोट केलं. "लगीन व्हयनं तैपाईन शे."

साहेब हसले आणि पुढे चला अशी खूण केली.

मग फोटो. आत टेबलावर छोटा कॅमेरा असतो, प्रत्येकाचा फोटो दस्तावर छापला जातो. ऑपरेटर म्हणाला, "आजोबा, इकडे बघा." आबांनी नानींकडे पाहिलं. "आजोबा, कॅमेऱ्यात." भगवान ओरडला, "आबा, कॅमेरा!" आबा म्हणाले, "हा, हा," आणि नानींकडेच पाहत राहिले. ऑपरेटरनं दोनतीनदा सांगून पाहिलं, मग त्यालाच सुचलं. त्यानं नानींना हाताला धरून टेबलाच्या आपल्या बाजूला आणलं आणि बरोबर कॅमेऱ्याच्या मागे उभं केलं. "आजी, आता त्यांना काहीतरी सांगा." नानींचे ओठ हलले. आबांचं तोंड एकदम उजळलं आणि फोटो निघाला.

दस्तावरचे फोटो मी आयुष्यभर पाहिले. सगळी माणसं त्यात भेदरलेली दिसतात, जणू काही गुन्हा कबूल करायला आलीत. आबांचा तसा नाही. त्या कागदावर एक म्हातारा खुलून हसतोय.

बाहेर आल्यावर मी नानींना विचारलं, काय सांगितलंत हो त्यांना? त्या लाजल्या. पदर तोंडाशी नेऊन म्हणाल्या, "काही नही माय. मी सांगं, व्हयनं आते. चला, घर जाऊत. दोन्ही जन."